कवळीवाल्या मावशींचा बुधवार

दातांच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला लोक काय काय म्हणतात! खालच्या मजल्यावरची पोरं तिला दातवाली म्हणायची. नवरा लाडात आला की ‘माझी कवळी’ म्हणायचा, आणि तो वर्षातून एखाद्या वेळीच लाडात यायचा म्हणून ते तिला गोड लागायचं. आणि कॉलेजातली जी पोरंपोरी दर बुधवारी संध्याकाळी तिच्या बाहेरच्या खोलीत बायबल वाचायला जमायची, ती तिला तोंडावर मावशी म्हणायची नि पाठीमागे कवळीवाल्या मावशी. तिला दोन्ही ठाऊक होतं. “पाठीमागे का होईना, मावशी म्हणतात ना,” ती म्हणायची, “मग झालं तर.”

काम मोठं निगुतीचं. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडांची मापं यायची. त्यांचे प्लॅस्टरचे साचे ओतायचे, वरचा जबडा नि खालचा जबडा बिजागरीच्या स्टँडवर समोरासमोर अडकवायचे, आणि मग गुलाबी मेणात एकेक दात बसवत जायचं. मध्येच स्टँड मिटून बघायचं, दातावर दात येतो का. माणूस कधी दिसायचा नाही. नुसतं तोंड. अशी तोंडं समोर मांडून ती दिवसभर बसायची. ती उघडायची, मिटायची आणि चकार शब्द बोलायची नाहीत. घरी यायची तेव्हा नखांत प्लॅस्टर आणि केसांना मेणाचा वास.

बुधवारी मात्र घरी आल्या आल्या पदर खोचून खुर्च्या मांडायच्या. पलंग भिंतीला सरकवायचा, जिन्यापलीकडच्या शेजारणीकडून दोन-चार खुर्च्या मागून आणायच्या, चहाचं मोठं पातेलं चढवायचं, आणि सासूबाईंना आतल्या खोलीत हलवायचं. सासूबाई काही हलायच्या नाहीत. मधल्या दारातच खुर्ची टाकून बसायच्या आणि म्हणायच्या, “मी कुठे काय ऐकतेय? मी इथे वाऱ्याला बसलेय.” त्या दारात वारा कधी आलेला कुणी पाहिला नव्हता.

पूर्वी ह्या मावशीची जीभ मोठी रसाळ. योना माशाच्या पोटात गेला ते ती असं सांगायची की वाटावं, ही त्या माशाला आतून पुसून-बिसून आलीय. पौलाचा उपदेश लांबला आणि खिडकीत बसलेला एक पोरगा पेंगून थेट खाली पडला, ही गोष्ट सुरू झाली की जो खिडकीजवळ असेल तो गुपचूप खुर्ची आत ओढायचा. पोरांना वाटायचं, देवाला ही बाई घरच्या माणसासारखी ओळखते. तिलाही तसंच वाटायचं.

आणि मग ते बंद झालं.

कसं, केव्हा, ते तिलाही सांगता आलं नसतं. कुणी गेलं नव्हतं. कुणाला मोठं दुखणं नव्हतं. नवरा धडधाकट, शाळेची बस चालवत होता. मुलगी आपल्या संसारात रमलेली. सासूबाईंची जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार. काही वाईट घडलं असतं तर एका परीने सोय झाली असती, विचारणाऱ्याला सांगायला तरी काही असतं. एक दिवस खालची दाढ बसवता बसवता तिच्या ध्यानात आलं, की आपण गुणगुणत नाही आहोत. ती कायम चर्चमधली गाणी गुणगुणायची, शेजारच्या टेबलावरची कारागीर बाई वैतागायची इतकी. तिने गुणगुणून पाहिलं. चाल बरोबर आली, शब्द बरोबर आले, आणि ते दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडातून आल्यासारखे वाटले. मग तिने दाढ बसवली, कारण दाढ बसवायचीच होती.

सासूबाईंना तिनेच कवळी करून दिली होती. पहिल्या दिवशी घास चावून म्हातारीने सांगितलं होतं, “चावतंय झकास. पण टाळूच झाकून टाकलीस की गं! आता गोड काय नि खारट काय.” तिचंही तसंच झालं होतं. सकाळची प्रार्थना घशाखाली उतरायची. चव तेवढी नव्हती.

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? दुखत नव्हतं. दुःखही नव्हतं. पाय मुडपून बसलं की पायाला मुंग्या येतात, त्या मुंग्या यायच्या आधी पाय कसा लाकडाचा होतो, तेवढंच. आणि मुंग्या काही यायला तयार नव्हत्या.

बुधवार मात्र येत होते. असल्याच एका बुधवारी वादळाची गोष्ट होती. होडी बुडायला आलेली, शिष्यांची पाचावर धारण बसलेली, आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलेला. त्या उशीवर तर ती एरवी अर्धा तास बोलली असती. तिने उतारा वाचला, बोट पानावर ठेवलं, तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. तिने तोंड मिटलं. पोरं बघत राहिली. तिने परत उघडून पाहिलं, लॅबमधला स्टँड उघडतात तसं. काही नाही. आतल्या खोलीतला फ्रिज घरघरायला लागला, घरघरून थांबला. तिला वाटलं, आता कुणीतरी विचारणार, ‘मावशी, बरं नाही का?’ मग डोकं दुखतंय म्हणू नि चहा देऊन वाटेला लावू.

पण कायद्याच्या कॉलेजातला तो उंच पोरगा, ज्याला सगळे वकील म्हणायचे आणि जो दहा आज्ञा आणणाऱ्या मोशेशीसुद्धा वाद घातल्याशिवाय राहिला नसता, तो हळूच म्हणाला, “माझे बाबा असेच झोपतात.”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

“घरात काहीही होवो. आई नि ते एकमेकांशी बोलत नाहीत. मीच निरोप नेतो इकडून तिकडे.” तो थांबला. “मी हे कुणाला सांगितलेलं नाही.”

मग दुसरा बोलला. मग तिसरी. त्या दिवशी पातेल्यातला चहा उकळून उकळून काढा झाला, पण कुणी उठेना. जाताना चिमणीने तर मावशीचे दोन्ही हात धरले. ही चिमणी म्हणजे कॉमर्स शिकणारी एवढीशी मुलगी, तोंडाचा पट्टा क्षणभर थांबायचा नाही. ती म्हणाली, “मावशी, आज मी पहिल्यांदाच काही बोलले नाही! तुम्ही कसं केलंत हो हे?”

“मी काही केलं नाही,” ती म्हणाली. ते अगदी खरं होतं.

पुढच्या बुधवारी परत तेच. उतारा वाचून झाला, तिला काही सुचेना, ती गप्प बसली. पण ह्या खेपेस पोरं तयारीत होती. पाठी ताठ, हात मांडीवर, डोळे मिटलेले, अगदी फोटोला बसल्यासारखी. त्यानंतर तर त्याला नावच पडलं, ‘मावशींची शांतता’. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने मैत्रिणीला आणलं, शेजारणीच्या सगळ्या खुर्च्या आल्या, आणि बिचाऱ्या शेजारणीवर बुधवारी पलंगावर बसून जेवायची पाळी आली. जिच्याजवळ काही नव्हतं तिच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडायला लागला.

“हे बरंय,” सासूबाई म्हणाल्या. “पूर्वी बोलून घसा बसायचा तेव्हा आठ डोकी. आता मुकी झालीस तर जत्रा.”

बातमी चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत गेली. पाळकसाहेब भला माणूस, पण उत्साहाने कायम ओतप्रोत, भरलेला ग्लास घेऊन चालावं तसे चालायचे. ते एका बुधवारी आले, कोपऱ्यात बसले, शांततेत बसले, आणि पोरं गेल्यावर डोळे पुसत म्हणाले, “ताई, हे आपल्या सगळ्या गटप्रमुखांना मिळालं पाहिजे. पुढच्या महिन्यातला पहिला शनिवार. हॉलमध्ये. तुम्ही शिकवायचं.”

“काय शिकवू?”

“ही शांतता!”

“पाळकसाहेब, मला बोलायला काही सुचत नाही, म्हणून मी गप्प बसते.”

“अगदी!” पाळकसाहेबांनी मांडीवर थाप मारली. “तिथूनच तर सुरुवात होते!”

“मी ह्याला लायक नाही हो.”

“ही नम्रता शिकवता आली तर किती बरं होईल.”

आता असल्या माणसापुढे काय बोलायचं? दुसऱ्या कुठल्या जागी बाई काम सोडून गप्प बसली तर कामचुकार म्हणतील. इथे तिला जितकं कमी येईल तितकी ती थोर ठरत होती. आणि खरं सांगायचं तर तिने फार जोर लावून नाहीही म्हटलं नाही. नवऱ्याने जेवताना विचारलं, “काय गं, तू म्हणे आता हॉलमध्ये भाषण देणार?”

“भाषण नाही. गप्प बसून दाखवायचंय.”

“मग मला पण ने ना. मी घरी रोज फुकट करतो.” ती हसली. हसण्याची जागा आली हे तिला बरोबर कळलं होतं.

गटात एक मुलगी होती, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिला सगळे सिस्टर म्हणायचे. बोलणं मोजकं, हात मात्र सतत कामात. बाकीची पोरं बिस्किटांवर तुटून पडायची तेव्हा ही कप गोळा करायची. एका बुधवारी सगळे गेले तरी ती मागे राहिली, कप विसळायला. मावशी पुसत होती.

“मावशी,” सिस्टर नळाकडे बघत म्हणाली, “तुम्हाला कसं ऐकू येतं?”

“काय गं?”

“शांततेत. ते.”

मावशी काही बोलली नाही, आणि पुन्हा तोच घोळ झाला. सिस्टरला वाटलं, ही समजून घेतेय.

“वॉर्डात एक आजोबा होते,” ती म्हणाली. “मीच भरवायचे त्यांना. रोज प्रार्थना करायचे त्यांच्यासाठी, अगदी मनापासून. एक दिवस मी सलाईनची बाटली आणायला गेले नि आले तर झालेलं होतं. मी त्यांचं तोंड पुसलं, डोळे मिटले, चादर ओढली, आणि शेजारच्या पेशंटचा ताप बघितला. रडू आलं नाही. अजून नाही आलं. तेव्हापासून प्रार्थनेला बसले की भिंतीसमोर बसल्यासारखं वाटतं.” तिने एक धुतलेला कप परत धुतला. “इथे सगळे डोळे मिटतात ना, तेव्हा मी चोरून तुमच्या तोंडाकडे बघते. तुमचा चेहरा असा असतो, की आत कुणीतरी बोलतंय आणि तुम्ही ऐकताय. सगळ्यांशी बोलतो तो. माझ्याशीच नाही. मला वगळलंय त्याने. माझ्यातच काहीतरी खोट आहे.”

मावशीच्या हातात ओला कप. वाक्य ओठांवर आलं होतं. छोटंसंच होतं: ‘अगं, मलाही काही ऐकू येत नाही.’ पण त्या वाक्याच्या मागून पाळकसाहेब आले, हॉल आला, दाराबाहेरच्या चपला आल्या, आणि ती म्हणाली, “प्रार्थना करत राहा. वेळ लागतो.”

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखांखाली छापतात, तसलं वाक्य.

सिस्टरने मान हलवली. डॉक्टर काही सांगून पुढच्या खाटेकडे गेला की नर्स मान हलवते, तशी. कप पालथा घातला, हात पुसले. “येते मावशी.”

ती पुढच्या बुधवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

“सिस्टर आता येणार नाही म्हणाली,” चिमणीने खबर दिली. “फोनवरच्या आपल्या ग्रुपमधनं पण गेली. मी म्हटलं अगं का, तर म्हणते, ती जागा तुमची आहे, माझी नाही.”

“असं म्हणाली?”

“आणि चर्चलाही दोन रविवार नाही दिसली,” वकील म्हणाला.

मावशीला वाटलं की आपल्याला आता वाईट वाटेल. ती वाट बघत थांबली. वाटलं नाही. पण तिला कळत होतं, अगदी लख्ख कळत होतं, की एक मुलगी आपल्या तोंडाकडे बघून देवाच्या दारातून परत गेलीय. तोंडं ओळखण्यात तिचा जन्म गेला होता, आणि तिचं स्वतःचं तोंड असं बसलं होतं की त्याने माणसाला फसवलं. हे नीट करायला हवं होतं. वाटो न वाटो.

त्या दिवशी उतारा संपला, पाठी ताठ झाल्या, डोळे मिटले. ती म्हणाली, “डोळे उघडा.”

सगळ्यांनी उघडले.

“नीट ऐका. मी गप्प बसते ती मला काही सुचत नाही म्हणून. मला काही ऐकू-बिकू येत नाही. आत काही नाही माझ्या. बरेच महिने झाले.”

मग वकील सावकाश म्हणाला, “म्हणजे मावशी, आपण स्वतःला पूर्ण रिकामं करायचं.”

“नाही रे बाबा! मी केलं नाही. झालं.”

“आपण करत नाही,” चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं, “ते होतं!” मागच्या रांगेतल्या एकाने ते फोनवर टिपूनसुद्धा घेतलं.

“अरे मेल्यांनो, ती खरं सांगतेय,” मधल्या दारातून सासूबाई म्हणाल्या. वाऱ्याचं सोंग त्यांनी सोडूनच दिलं होतं. “घरात पण अशीच असते. परवा दूध उतू चाललं होतं नि ही समोर उभी राहून बघत होती.”

“बघा!” चिमणी म्हणाली. “इतकं ध्यान!”

सगळे कौतुकाने हसले. मावशी कपाळाला हात लावून बसली, आणि त्यातही कुणाला तरी प्रार्थना दिसलीच असणार.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून ती घरी न जाता हॉस्पिटलला गेली. औषधांच्या खिडकीसमोर नातेवाइकांसाठी लांब बाकं होती, तिथे बसली. लोक चिठ्ठ्या घेऊन येत होते, पिशव्या घेऊन जात होते. दिवसपाळी सुटली तशी सिस्टर जिन्यावरून उतरली. मावशीला पाहून तिची पावलं झपझप पडली.

“मावशी? कोण ॲडमिट आहे इथे? आजींना काही झालं?”

“आजींना काय होतंय! बस. तुझ्याशी बोलायचंय.”

सिस्टर बसली, पण बाकाच्या कडेला, कधीही उठता येईल अशी.

“त्या दिवशी तू मला विचारलंस. मी तुला धड उत्तर दिलं नाही. मला काही ऐकू येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. तू बघत होतीस तो चेहरा ऐकणाऱ्याचा नव्हता. तो नुसता चेहरा होता.”

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. “मला बरं वाटावं म्हणून सांगताय. पेशंटला आम्ही पण असंच सांगतो.”

आता आली का पंचाईत! गट विश्वास ठेवेना, ही पण ठेवेना. खोटं बोलली असती तर सगळ्यांना पटलं असतं.

“बरं,” मावशी म्हणाली, “मग पेशंट समज. विचार.”

सवयीने सिस्टरच्या तोंडून निघालं, “कधीपासून?”

“गाणं बंद झालं तेव्हा कळलं. त्याच्याही आधी कधीतरी.”

“झोप?”

“पडले की लागते. उठले की झोपलेच नव्हते असं वाटतं.”

“जेवण?”

“ताटात असेल तेवढं. काय होतं ते विचारू नकोस.”

“रडू?”

“नाही. मुलीचा फोन येतो. मी हो हो म्हणते. ठेवला की ती काय म्हणाली ते आठवत नाही. मग मी तिला परत फोन करत नाही, कारण काय विचारू?” मावशी थांबली. “हात चालतात. हातांचं बरं आहे.”

“हो,” सिस्टर एकदम म्हणाली. “हातांचं बरं असतं.”

तिला पटलं ते त्या वाक्याने. ती बाकावर मागे सरकून बसली. आणि पटल्यावर आधी जे यायला हवं होतं ते आलं, म्हणजे राग.

“मग त्या दिवशी का नाही सांगितलंत? मी तुमच्या शेजारी उभी होते. कप धूत होते. एक वाक्य होतं फक्त!”

“पुढ्यात तो हॉलमधला शनिवार होता.”

“एवढ्यासाठी?”

“लोक चांगलं म्हणत होते. त्यात काही गोड लागत होतं असं नाही गं. पण ते जाईल म्हटल्यावर भीती वाटली. इतक्या महिन्यांत तेवढंच एक काहीतरी वाटलं मला.”

“तुम्ही म्हणालात प्रार्थना करत राहा,” सिस्टर म्हणाली. “मी करत राहिले. रोज. तुम्ही म्हणालात म्हणून. आणि रोज उठताना वाटायचं, बघ, आजही नाही. तुला नाहीच.”

ह्यावर मावशीकडे उत्तर नव्हतं, आणि ह्या खेपेला तिच्या गप्प बसण्याचा कुणी उलटा अर्थ लावला नाही. माफ कर, म्हणाली ती. सिस्टरने ते ऐकलं. केलं की नाही ते काही बोलली नाही. औषधांच्या खिडकीवर कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं, दोघी तिकडेच बघत बसल्या.

“इथे वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टर बसतात,” सिस्टर थोड्या वेळाने म्हणाली. “बाई आहेत. चांगल्या आहेत. दाखवा एकदा.”

“तू दाखवलंस?”

“मी इथेच काम करते. सगळे ओळखतात मला.”

“मग माझ्यासोबत ये. मावशीला घेऊन आलेय म्हण.”

सिस्टरच्या तोंडाचा एक कोपरा जरासा हलला. हसू म्हणावं इतका नाही. “बघू,” ती म्हणाली.

“आणि बुधवारी येशील?”

“काय आहे तिथे?”

“खुर्च्या आहेत. चहा आहे. मी आहे, जी काय आहे ती.”

“आणि ती शांतता.”

“ती बंद.”

घरी गेल्यावर मावशीने पाळकसाहेबांना फोन लावला नि सांगितलं की शनिवारी मी येणार नाही. पाळकसाहेब म्हणाले, ताई, ही तुमची नम्रता. ती म्हणाली, “नम्रता नाही हो, मी नाही म्हणतेय. माझ्या गप्प बसण्यापायी एक मुलगी स्वतःला देवाने टाकलेली समजायला लागली. तुम्ही हॉलभर लोकांना हे शिकवलंत तर तशी किती होतील?” इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाळकसाहेबांकडे शब्द नव्हता.

“मग मी त्या लोकांना शनिवारी काय सांगू, ताई?” शेवटी त्यांनी विचारलं, आणि आवाज अगदी साध्या माणसाचा होता.

“काही सुचलं नाही तर तसंच सांगा.”

बुधवारी तिने पोरांना सांगून टाकलं. आता गप्प बसणं नाही. ज्याला काही म्हणायचंय त्याने म्हणावं, ज्याला काही वाटत नाही त्याने वाटत नाही असं म्हणावं, डोळे मिटून कुणी शोभेला बसायचं नाही. काहींचा विरस झाला. दोन-तीन बुधवारांत नवी मंडळी पांगली. शेजारीण पुन्हा खुर्चीवर बसून जेवायला लागली. चिमणी राहिली, पण पूर्वीसारखं बोलून बोलून सगळ्यांचे कान किटवायला लागली. वकील म्हणाला, “मावशी, एवढी चांगली पद्धत तुम्ही स्वतःहून मोडीत काढलीत. मी असतो तर अपील केलं असतं.”

“कर की. वरच्या कोर्टात कर. मला काय निकाल येतो ते कळव.”

सिस्टर पहिल्या बुधवारी आली नाही. दुसऱ्याही नाही. मावशी तिची खुर्ची मांडत होती, वाट बघण्यासारखं आत काही होत नव्हतं, तरी मांडत होती. मधल्या एका दिवशी दोघी त्या वरच्या मजल्यावर जाऊन आल्या, आधी एक आत गेली, मग दुसरी, आणि बाहेर आल्यावर कुणी कुणाला काही विचारलं नाही. तिसऱ्या बुधवारी वाचन सुरू व्हायच्या बेताला दार ढकलून सिस्टर आत आली. कामावरून थेट, पांढऱ्या कपड्यांतच. कुणाशी काही न बोलता मावशीच्या शेजारी बसली.

“आज कोण वाचतंय?” मावशीने विचारलं.

“द्या इकडे,” सिस्टर म्हणाली.

तिने वाचलं. वॉर्डात एक पाळी दुसऱ्या पाळीला खाटेमागून खाटेचा अहवाल वाचून दाखवते, त्या सपाट आवाजात. हातपाय लुळे पडलेल्या माणसाची गोष्ट होती. चौघांनी त्याला खाटेसकट उचलून आणलं, गर्दीतून आत शिरता येईना, म्हणून छप्पर उसकटून त्याला वरून खाली सोडलं.

“त्या छपराची भरपाई कोणी दिली?” वकिलाने ताबडतोब विचारलं.

“गप रे,” चिमणी म्हणाली. “त्या मालकाचं घर पडायला आलंय आणि तुझं काय!”

“पडायला नाही आलं, पाडलंय. फरक आहे.”

सिस्टर पानावर बोट ठेवून थांबली होती. “मावशी,” ती म्हणाली, “हा माणूस स्वतः काहीच म्हणत नाही का?”

मावशीने वाकून बघितलं. किती वर्षं ती ही गोष्ट सांगत आली होती. छपराची माती खाली कशी पडली, लोकांच्या डोक्यात कशी गेली, ते सगळं सांगायची. हे तिने कधी बघितलं नव्हतं.

“इथपर्यंत तरी नाही,” ती म्हणाली.

“नुसता पडून आहे.”

“हो.”

“त्याला आत यायचं होतं का, ते पण कुणी विचारलेलं दिसत नाही.”

“नाही विचारलं.”

खोलीत कुणी डोळे मिटले नाहीत. वकील छपराचा मुद्दा पुन्हा काढायच्या बेतात होता, चिमणीने त्याला कोपर मारलं. मावशीने आत चाचपून पाहिलं. होतं तिथेच होतं सगळं, हललं नव्हतं. तिने खुर्ची थोडी सिस्टरकडे सरकवली, म्हणजे पान दोघींना दिसेल.

“पुढे वाच,” ती म्हणाली.